फोटो आला, पत्ते कधी?

मुंबईच्या व्यापाऱ्याने नव्या नक्षीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की सोलापुरातल्या कारखानदाराला तो दोन सेकंदांत मिळतो. पण चादर विणायची तर आधी त्या नक्षीचा आलेख काढायचा, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते ओळीनं ओवून जकार्डवर, म्हणजे नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्रावर, चढवायचे. ताण्याचा, म्हणजे उभा, कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही, हे ती भोकं मागाला सांगतात. फोटो झटकन आला म्हणून हे काम एका मिनिटानंही घटत नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असेल तर मात्र नक्षीची फाइल थेट मागाला देता येते आणि पत्त्यांचा टप्पाच गळतो.

नवं तंत्र आलं म्हणून उत्पादकता लगेच वाढतेच असं नाही. उत्पादकता म्हणजे तासाभराच्या कष्टातून किती मोलाचा माल निघाला. संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असं अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्ये लिहिलं होतं. पुढे 1995 नंतर अमेरिकेत उत्पादकता झपाट्यानं वाढली, आणि दहाएक वर्षांत पुन्हा मंदावली.

या कोड्यावर अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये विजेचा दाखला दिला. जुन्या मिलच्या सोलापूरला तो चटकन पटावा. वाफेच्या कारखान्यात एकच मोठं इंजिन असे. छताखालून फिरणारा लांब दांडा, त्यावरून उतरणारे पट्टे आणि त्यांना जखडलेली सगळी यंत्रं. वीज आल्यावर अमेरिकी कारखानदारांनी इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवली आणि दांडा तसाच ठेवला. फायदा जेमतेम झाला. यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली, यंत्रं कामाच्या क्रमानं मांडता आली, तेव्हा कुठे 1920 च्या दशकात उत्पादकता उसळली. पहिली वीजकेंद्रं सुरू होऊन तोवर चाळीस वर्षं झाली होती. आपल्या बऱ्याच कारखान्यांत इंटरनेट आलंय, पण दांडा अजून हललेला नाही, असं मला वाटतं.

कांद्याचंही तसंच: भाव लगेच कळतो, पण पुढचं काही हलत नाही. याउलट, केरळच्या मच्छीमारांवरच्या अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासात नुसत्या मोबाइलनं बंदराबंदरांतला भावाचा फरक घटला, मासळी वाया जाणं जवळपास थांबलं. भाव कळला की होडी दुसऱ्या बंदराकडे वळवता येत होती. मोहोळच्या शेतकऱ्यालाही आता टेंपो भरण्याआधी भाव कळतो. पण खरिपाचा लाल कांदा कांदाचाळीत फार दिवस टिकत नाही, आणि लांबच्या बाजाराचं भाडं परवडत नाही. भाव पडलेला फोनवर दिसत असतो, तरी टेंपो सोलापूरच्या मार्केट यार्डाकडेच निघतो.