कीवर्ड टॅग भरून सोलापुरी चादर गूगलवर वर येत नाही

‘सोलापुरी चादर, टॉवेल, नॅपकिन’ असे पन्नास शब्द कीवर्ड मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरले की साइट वर येते, असं सोलापूरच्या व्यापाऱ्यांना अजूनही सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. वेब शोधात क्रम लावताना हा टॅग वापरत नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं. या कामाचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आधी पान गूगलच्या नोंदीत आहे का ते बघा. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात वरच्या चौकटीत पानाचा पत्ता टाका. नोंद नसेल तर बहुधा कारणही तिथेच कळतं. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट बनवताना सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ पानावर शोधयंत्रांना थांबवणारी खूण कधी कधी केलेली असते, ती पुष्कळदा तशीच राहून जाते. काढून टाका.

नोंद असूनही पान मागे असेल तर मजकूर तपासा. माप, वजन, धागा ही माहिती फक्त कॅटलॉगच्या फोटोत नको, खाली लिहूनही द्या. मराठी मजकूर युनिकोड (संगणकांनी अक्षरं सारखीच ओळखावीत म्हणून ठरलेली पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये असेल तर मात्र घातच. डोळ्यांना ‘चादर’ दिसते, पानात साठलेली असतात भलतीच अक्षरं. शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे अगम्य काही उमटलं, तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलावाच लागेल. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षकही हवं, सगळीकडे नुसतं ‘होम’ नको.

मग सर्च कन्सोलमधूनच पुन्हा नोंदणीची विनंती पाठवा. फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.