झीरोएमक्यू म्हणजे सर्व्हर नव्हे

झीरोएमक्यूच्या नावात ‘एमक्यू’ (मेसेज क्यू, म्हणजे मेसेजची रांग) आहे, म्हणजे रॅबिटएमक्यूसारखा ब्रोकर (मेसेज घेऊन पुढे पोचवणारा वेगळा सर्व्हर) आधी उभा करावा लागणार, हा समज अजूनही जात नाही. झीरोएमक्यू ही प्रोग्राममध्ये मेसेजची देवाणघेवाण करणारी निव्वळ लायब्ररी आहे. ती तुमच्या प्रोग्राममध्येच चालते. लिनक्सवर एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसना बोलायचं असेल, तर टीसीपी (नेटवर्कवरच्या) पत्त्याऐवजी आयपीसी (एकाच मशीनवरच्या प्रोसेससाठीचा) प्रकारचा पत्ता द्या. मेसेज युनिक्स डोमेन सॉकेटमधून जातात, पोर्ट उघडावाच लागत नाही.

पण ब्रोकर नाही म्हणजे मेसेज डिस्कवर जपून ठेवणारंही कुणी नाही, हे नीट लक्षात घ्या. पब-सबमध्ये (एक पाठवतो, अनेक सबस्क्रायबर ऐकतात) सबस्क्रायबर मागे पडला आणि रांग भरली (डीफॉल्ट मर्यादा १००० मेसेजची), की पुढचे मेसेज मुकाट्याने गळतात, साधी एररही येत नाही. हे टाळायचं तर पुश-पुल (प्रत्येक मेसेज एकाच घेणाऱ्याकडे जातो) घ्या. तिथे रांग भरली की पाठवणारा थांबून राहतो.