जलपंपबदल, औद्योगिक

कारखान्यातील किंवा पाणीपुरवठा केंद्रातील जुना जलपंप चालू स्थितीत असतानाच काढून त्याच्या जागी अधिक कार्यक्षम पंप बसवणे आणि त्या खर्चाचे समर्थन विजेच्या बचतीतून करणे. मोडलेला पंप बदलायला कोणी कारण विचारत नाही. प्रश्न येतो तो पाणी नीट देणाऱ्या, पण वीज जास्त खाणाऱ्या पंपाचा. प्रस्तुत नोंद केंद्रोत्सारी (फिरत्या चक्राने पाणी बाहेरच्या दिशेने फेकून चढवणाऱ्या) पंपांपुरती आहे.

या पंपाचे जनकत्व वादग्रस्त आहे. फ्रान्सेस्को दी जॉर्जो मार्तीनी याच्या 1475 च्या सुमाराच्या हस्तलिखितात चिखल उपसणाऱ्या यंत्राचे चित्र असून काही अभ्यासक तेथे मूळ शोधतात. बहुतेकांचा कल मात्र सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग करणाऱ्या दनी पापँ याच्याकडे आहे. कार्यक्षमतेच्या दृष्टीने 1851 चे लंडनचे प्रदर्शन अधिक महत्त्वाचे ठरते. तेथील चाचण्यांत जॉन ॲपोल्ड याच्या वक्र पात्यांच्या पंपाची कार्यक्षमता सुमारे 68 टक्के भरली. सरळ पात्यांचे पंप तिच्या एक-तृतीयांशाच्या आसपास राहिले. आजच्या पंपबदलातील तुलनेचा पूर्वज शोधायचाच तर तो येथे सापडतो. ऑस्बर्न रेनल्ड्स याने 1875 मध्ये स्थिर मार्गदर्शक पात्यांच्या पंपाचे एकस्व (पेटंट) घेतले. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी (जि. सांगली) येथे 1926 पासून केंद्रोत्सारी पंप बनू लागले, असे सामान्यतः मानले जाते.

जगातील विजेचा किती भाग पंपांवर खर्च होतो, याविषयी एकमत नाही. हायड्रॉलिक इन्स्टिट्यूट आणि युरोपंप या संघटनांच्या 2001 च्या मार्गदर्शिकेपासून ‘जवळपास 20 टक्के’ हा आकडा रूढ झाला व तो आजही विक्रेत्यांच्या पत्रकांत आढळतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2011 च्या अभ्यासाने मात्र सर्व विद्युत मोटर-प्रणालींचा वाटा 43 ते 46 टक्के आणि त्यातला पंपांचा हिस्सा 19 टक्के धरला. म्हणजे एकूण विजेच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. दुसरा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. एखाद्या पंपहाऊसचा निर्णय अर्थात यांपैकी कोणत्याही आकड्यावर अवलंबून नसतो.

पंप जुना होतो म्हणजे मुख्यतः वेअर रिंग (झीज सोसणारे बदलता येणारे कडे) आणि इम्पेलर (पात्यांचे फिरते चक्र) यांमधली फट वाढते व उचललेल्या पाण्याचा काही भाग आतल्या आत परत फिरतो. केसिंगचा (पंपाच्या बाहेरील कवचाचा) अंतर्भाग गंजून खरबरीत होतो, कॅव्हिटेशनमुळे (कमी दाबाने पाण्यात बाष्पाचे बुडबुडे होऊन फुटल्यामुळे) पात्यांना खळगे पडतात. पाणी येतच राहते, त्यामुळे हा ऱ्हास पाळीवरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. तो मोजावाच लागतो. प्रवाह, शीर्ष (पंपाने पाण्याला दिलेला दाब, पाण्याच्या उंचीच्या मीटरांत) आणि विद्युतशक्ती मोजून कार्यक्षमता काढणे ही नेहमीची रीत होय. जुन्या केंद्रांत प्रवाहमापक बसवण्यापुरती सरळ नळवाहिनी मिळणे अवघड असते. अशा वेळी उष्मागतिकीय पद्धत वापरतात. तीत पंपातून जाताना पाण्याचे तापमान किती वाढले यावरून कार्यक्षमता ठरते. 100 मी. शीर्षाच्या आणि 75 टक्के कार्यक्षमतेच्या पंपात ही वाढ एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, म्हणून कमी शीर्षाच्या पंपांना ही पद्धत सहसा मानवत नाही.

समर्थनाचे गणित एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. ताशी 360 घ.मी. पाणी 50 मी. शीर्षावर चढवायला सुमारे 49 किलोवॉट जलशक्ती लागते (प्रवाह गुणिले शीर्ष, भागिले 367). जुना पंप 58 टक्के व मोटर 90 टक्के कार्यक्षम असल्यास वीज 94 किलोवॉट ओढली जाते. नवा संच 80 व 95 टक्क्यांचा घेतल्यास 64.5 किलोवॉट. वर्षाला 6,000 तास चालल्यास बचत सुमारे 1.76 लाख युनिट, आणि आठ रुपये दराने सुमारे 14 लाख रुपये. पंप, मोटर, पाया आणि जोडकाम मिळून 15 लाख खर्च आला तरी परतफेड वर्षभराच्या थोडी पुढे जाते.

हे गणित बरोबर असूनही अपुरे असते. वरच्या पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवरची झडप) अर्धा दाबून ठेवलेला असेल आणि 50 पैकी 10 मी. शीर्ष तिथेच जिरत असेल, तर गरज 40 मीटरचीच आहे. त्या गरजेचा पंप घेतल्यास वीज 51.6 किलोवॉटवर येते. जुन्याच नामपट्टीवरचे आकडे नव्या खरेदीपत्रकात उतरवण्याच्या सवयीने ही बचत हातची जाते. तज्ज्ञांचे मत आधी नळवाहिनी तपासावी आणि मग पंप निवडावा असे आहे, आणि ते योग्य दिसते.

मोटरच्या बाबतीत एक बारकावा आहे. कार्यक्षम मोटरची घसर (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मोटर जेवढी मागे राहते ती तूट) कमी, म्हणून ती किंचित जास्त वेगाने फिरते. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 1,460 फेऱ्यांच्या 1,480 झाल्या तर स्थिर शीर्ष (निव्वळ उंची चढण्यासाठी लागणारे शीर्ष) नगण्य असलेल्या वाहिनीत शक्ती सुमारे चार टक्क्यांनी वाढते. मोटर बदलून कमावलेले मग जवळपास सगळे निघून जाते. उपाय म्हणजे इम्पेलरचा व्यास योग्य तेवढा छाटणे. रिवाइंडिंगने (मोटरची जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याने) मोटरची कार्यक्षमता दर वेळी घटते हा समज सर्वमान्य नाही; दुरुस्ती-व्यावसायिकांच्या संघटनांच्या 2003 च्या चाचण्यांत काळजीपूर्वक केलेल्या रिवाइंडिंगनंतर नगण्य फरक आढळला. सर्वसाधारण कार्यशाळांना तो निष्कर्ष लावताना जपून राहावे.

वेअर रिंग बदलणे, आतून लेप देणे किंवा वेगनियंत्रक (पंपाचा वेग गरजेनुसार बदलणारे साधन) बसवणे हे पर्याय बदलाआधी तपासायला हवेत. स्थिर शीर्ष जास्त असलेल्या उपशाच्या योजनांत वेगनियंत्रकाचा लाभ बेताचाच असतो.

युरोपीय संघाने 2013 पासून जलपंपांना किमान कार्यक्षमता निर्देशांक लागू केला आणि 2015 पासून तो कडक केला. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 नुसार अधिसूचित मोठ्या उद्योगांना ऊर्जालेखापरीक्षण करावे लागते. पंपबदलाची शिफारस बहुधा त्याच अहवालात येते. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात सुमारे 2,200 कृषिपंप बदलण्याचा पथदर्शी प्रकल्प झाला. शेतीत मात्र अश्वशक्तीनुसार ठरावीक बिल येत असेल तर बचतीचा पैसा शेतकऱ्याच्या हाती येत नाही, म्हणून कारखान्याचे गणित तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

काढलेला पंप बहुतेक ठिकाणी भंगारात न जाता स्टँडबाय (राखीव पंप) म्हणून राहतो. दोन्ही पंप पाळीपाळीने चालवण्याची जुनी रीत तशीच चालू राहिली, तर उदाहरणातले 6,000 तास 3,000 होतात आणि परतफेडीचा काळ दुप्पट होतो.