भरतीखालची जमीन, पट्टा आणि सरकारची सही

कावी-कंबोईचा स्तंभेश्वर वडोदऱ्याच्या मराठी घरांना नवा नाही. जंबुसरमार्गे निघालं की दीड-दोन तासांत खंबातच्या आखाताचा काठ लागतो. भरतीला देऊळ पाण्याखाली, ओहोटीला पुन्हा उघडं. गेल्या खेपेला आम्ही घोट्यापर्यंत चिखलात उभे असताना भाच्याने विचारलं, "मामा, ही जागा कुणाची?" म्हटलं, सरकारची. "आणि पाणी चढल्यावर?" तेव्हाही सरकारचीच! मुंबईचा १८७९ चा जमीन महसूल कायदा पुढे गुजरातकडेही आला. त्याच्या कलम ३७ प्रमाणे समुद्राचा, बंदराचा, खाडीचा भरतीरेषेखालचा तळ सरकारच्या मालकीचा.

त्यामुळे मिठागर असो की जेटी, अशी जागा मिळते ती बहुधा पट्ट्याने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने. आता पट्टा दुसऱ्याच्या नावे करायचा तर सरकारला का विचारायचं? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा खरं तर पट्टेदाराच्या बाजूचा: करारात मनाई नसेल तर आपला हक्क खुशाल दुसऱ्याला द्या, पोटभाडेकरू ठेवा. मेख मारली ती १८९५ च्या क्राउन ग्रँट्स ॲक्टने. सरकारने दिलेल्या जमिनीला १८८२ चा कायदा लागू नाही, कागदावर लिहिलेली शर्त हाच कायदा, असं त्याने ठरवून टाकलं. "पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर करू नये" या एका ओळीला जे बळ आलं ते इथून; हा कायदा पुढे २०१८ मध्ये रद्द झाला. आजही पट्टा हातात आला की माणसं मुदत आणि भाडं वाचतात, ही ओळ नाही वाचत.

बंदरांच्या जमिनीवर आणखी एक पायरी होती. महापत्तन न्यास कायदा, १९६३ (मोठ्या बंदरांचा कायदा) ने ३० वर्षांवरच्या पट्ट्याला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी सक्तीची केली होती; २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गुजरातेत तो कांडल्याला लागू झाला. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत. तिथल्या बांधकामाची परवानगी निराळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही.

आपल्या गायकवाडीलाही किनारा होता: नवसारी, कोडिनार, ओखामंडळ. ओखा बंदर १९२६ मध्ये उघडलं, पाठोपाठ ओखा सॉल्ट वर्क्स आलं आणि १९३९ मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानाच्या पट्ट्यांवरचा मालक एका रात्रीत बदलला. पट्टेदाराची संमती कुणी मागितली नाही. उलट, पंचमहालच्या तालुकदारांच्या (जमीनदारांच्या) खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२४ मध्येच सांगून ठेवलं होतं की राज्य बदललं की नवा राजा मान्य करील तेवढेच जुने हक्क चालतात. (शिंद्यांनी १८६० मध्ये पंचमहाल इंग्रजांना दिला, त्याचं हे शेपूट.)

पट्टेदार बदलला की मात्र हिशेब वेगळा. त्याची कंपनी दुसरीत विलीन झाली, तर ते हस्तांतर धरायचं का? सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये भाड्याच्या एका जागेबाबत हो म्हटलं: मालकाच्या संमतीविना विलीनीकरणातून भाडेहक्क दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर भाडेकरूला बाहेर काढता येतं. तेव्हापासून कंपन्यांचे वकील सरकारी पट्ट्यांतल्या शर्तीही विलीनीकरणाआधीच चाळून घेतात.