एका वेळी एकच अळी

डासाची मादी एका खेपेला शंभर-दीडशे अंडी घालून मोकळी होते. आफ्रिकेतल्या त्से-त्से माशीचं बाळंतपण मात्र निराळंच. तिच्या पोटात एका वेळी एकच अंडं तयार होतं आणि ते पोटातच फुटतं. अळी गर्भाशयात राहून आईच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या दुधासारख्या स्रावावर पोसते. नऊ-दहा दिवसांनी ती बाहेर येते तेव्हा तिचं वजन जवळपास आईएवढं झालेलं असतं. जन्मल्यावर ती काही खात नाही. सैल मातीत शिरून कोश करते आणि साधारण महिन्याभराने त्यातून माशी उडते. एका मादीला आयुष्यभरात फार तर आठ-दहा पिल्लं. कीटकांच्या जगात याला निपुत्रिक म्हणायचं इतकंच बाकी!

तरी या माशीने आफ्रिकेचा इतिहास वाकवला. 1900 ते 1920 दरम्यान व्हिक्टोरिया सरोवराच्या युगांडातल्या काठावर निद्रारोगाने सुमारे अडीच लाख माणसं मेली. रोगाचं मूळ ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी. माशी त्याची वाहक. नर आणि मादी दोघंही रक्तावरच जगतात, त्यामुळे दोघंही रोग पसरवतात. आधी ताप आणि डोकेदुखी, पुढे परजीवी मेंदूत शिरला की रोगी दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो. गुरांना होणाऱ्या याच जातीच्या रोगाला 'नागाना' म्हणतात. तो माशीमुळे पसरतो, हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1895 च्या सुमारास झुलुलँडमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेत, दाखवलं.

लस नाही, कारण परजीवी अंगावरचं प्रथिनांचं आवरण सतत बदलत राहतो. म्हणून मोर्चा माशीकडे वळवावा लागतो, आणि तिथे तिची संथ वीण आपल्या कामी येते. मादी बहुधा एकदाच मीलन करते. तो नर वंध्य निघाला, तर तिची उरलेली सारी बाळंतपणं वाया.

झांझिबारच्या उंगुजा बेटावर नेमकं हेच केलं गेलं. तिथे त्से-त्सेची एकच जात होती. आधी गुरांच्या पाठीवर कीटकनाशक ओतून आणि औषध लावलेले कापडी पडदे टांगून माश्या कमी केल्या. मग टांझानियाच्या टांगा शहरात पैदास केलेले नर किरणोत्सर्गाने वंध्य करून 1994 ते 1997 या काळात विमानांतून सोडले, 80 लाखांहून जास्त. शेवटची रानटी माशी सप्टेंबर 1996 मध्ये सापळ्यात सापडली.

पण बेटाला समुद्राचं कुंपण होतं. मुख्य भूमीवर एक पट्टा साफ केला की शेजारच्या झाडीतून माश्या परत येतात. तिथे चाड, गिनी आणि युगांडात नदीकाठी वेगळाच उपाय चालतो: जेमतेम हातरुमालाएवढं निळं कापड, शेजारी बारीक जाळी, दोन्हींना कीटकनाशक. निळ्या रंगाकडे माशी ओढली जाते, जाळीवर आपटते आणि मरते. सगळ्या माश्या मारायची गरजही नाही. इतकी कमी पिल्लं असलेल्या कीटकाच्या माद्यांपैकी रोज 4 टक्के जास्त मेल्या, तरी पुढची पिढी तूट भरून काढू शकत नाही.