पांढऱ्या पट्ट्याचा हिशेब

परवाच्या मंगळवारी पाच मिनिटांच्या एका फेरीत मी चार वेळा टॅप केलं, म्हणजे हार मानून थापटलं. समोरचा मुलगा एकोणीस वर्षांचा, माझ्यानंतर सहा महिन्यांनी जिउ-जित्सुच्या क्लासला आलेला. चौथ्या वेळी त्याने छातीवर वजन टाकून माझा उजवा हात मानेपाशी अडकवला, तेव्हा माझं तोंड त्याच्या गीच्या, म्हणजे जाड डगल्याच्या, घामट कापडात दाबलं गेलं होतं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दीड वर्ष झालं, फी भरतोय, गुडघे दुखतायत, आणि आपण अजून इथेच. मॅटवर दोनदा थापटलं. तो उठला, हात पुढे केला आणि म्हणाला, "सर, परत?" त्या हातापेक्षा ते 'सर' जास्त लागलं.

ब्राझिलियन जिउ-जित्सु म्हणजे मुख्यतः जमिनीवरची झटापट. मित्सुयो माएदा हा जपानी ज्यूडोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलेम शहरात राहिला. तिथे कार्लोस ग्रेसी त्याच्याकडून शिकला, आणि कार्लोस व त्याच्या भावांनी रिओमध्ये त्या विद्येला स्वतःचं वळण दिलं. १९९३ साली डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी ह्या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धेत रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, तेव्हा बाकीच्या जगाला तिचा पत्ता लागला. मी सांगलीकडचा. आमच्या कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. इथे पाठ टेकली की विषय सुरू होतो: उताणं पडून, समोरच्याला दोन पायांत धरून लढायचं. त्याला गार्ड म्हणतात. वडिलांना हे समजावून सांगताना मला घाम फुटला. "म्हणजे हरल्यावर खेळायचं?" असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

मोठ्यांचे मुख्य पट्टे पाच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर्वसाधारण नियम असा की निळ्यावर किमान दोन वर्षं काढायची, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक. ही झाली किमान मुदत. रोज नोकरी करून संध्याकाळी क्लासला येणाऱ्या माणसाला काळ्यापर्यंत दहाएक वर्षं लागणं ही सामान्य गोष्ट. बी. जे. पेनसारखा एखादा तीन-साडेतीन वर्षांत काळा पट्टा घेऊन २००० साली जगज्जेता होतो, पण त्याचं उदाहरण घेऊन मंगळवारी रात्री स्वतःला झोडपण्यात काही अर्थ नाही.

त्या रात्री घरी येताना मला वेगळाच प्रश्न पडला. आपण शिकत नाही, हे आपल्याला कळतं कशावरून? 'आज जमलं', 'आज काहीच जमलं नाही' असं जे आतून वाटतं, त्या काट्यावर विश्वास ठेवावा का? ह्या काट्याची तपासणी शास्त्रज्ञांनी करून झालेली आहे, आणि निकाल काट्याच्या बाजूने नाही.

ब्रिटिश टपाल खात्यात पत्रांची छाननी यंत्रावर आली, तेव्हा पोस्टमन लोकांना कळफलक शिकवण्याची वेळ आली. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाने दिवसातून फक्त एक तास सराव केला. दुसऱ्या टोकाच्या गटाने दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे रोज चार तास. मधले दोन गट रोज दोन तासांचे. १९७८ साली निकाल छापून आला. रोज एक तासवाल्यांना कळफलक बसायला साधारण ३५ तास लागले. रोज चार तासवाल्यांना ५०. तासागणिक शिकणं मोजलं तर एक तासवाले सरळसरळ पुढे. पण आपापल्या प्रशिक्षणावर सगळ्यात नाराज कोण होतं? तेच, एक तासवाले.

कारण उघड आहे. ३५ तास रोज एकेक करत गेले तर आठवड्यात पाच दिवस धरून सात आठवडे होतात. चार तासवाल्यांचे ५० तास अडीच आठवड्यांत संपतात. शेजारचा गट कधीच सुटून गेला आणि आपण अजून 'अ' कुठे नि 'ब' कुठे शोधतोय, हे रोज डोळ्यांसमोर. शिकणं तासांत होतं, चिडचिड कॅलेंडरवर होते. आठवड्याला तीन वर्ग, प्रत्येकी दीड तास, त्यात खरी झटापट अर्धा तास: माझी 'दीड वर्षं' तासांत उतरवली तर शंभर-सव्वाशे तास भरतात. तितक्या तासांत कोणी तबला वाजवायला लागलं असतं का, असं बायकोने विचारलं. ती स्वतः शिकलेली आहे, त्यामुळे वाद घालता आला नाही.

दुसरा प्रयोग बॅडमिंटनचा. १९८६ साली गूड आणि मॅगिल यांनी नवशिक्या विद्यार्थिनींना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. काही जणी एका दिवशी एकच सर्व्हिस घोटत होत्या. काही जणींना तिन्ही सर्व्हिस उलटसुलट क्रमाने कराव्या लागत होत्या, पुढची कोणती ते आधी कळायचं नाही. सराव संपल्यावर परीक्षा घेतली तेव्हा, आणि कोर्टच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करायला लावली तेव्हा, उलटसुलट सराव केलेल्या मुली सरस ठरल्या. घोटून केलेला सराव गुळगुळीत वाटतो, कारण तीच हालचाल दहाव्यांदा करताना मेंदूला काही शोधावं लागत नाही. हालचाल दर वेळी नव्याने जुळवावी लागली की अडखळायला होतं, आणि ती जुळवाजुळवच पुढे टिकते. रॉबर्ट बियॉर्क ह्या मानसशास्त्रज्ञाने अशा उपयोगी अडचणींवर बरंच काम केलं. सरावातली कामगिरी आणि प्रत्यक्ष शिकणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा मुख्य मुद्दा. मैदानावरच्या प्रयोगांत हा फरक प्रयोगशाळेइतका ठळक दिसत नाही, हेही सांगायला हवं. पण दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे. जिउ-जित्सुची मोकळी झटापट म्हणजे उलटसुलट सरावाचा कळस. पुढचा डाव कोणता हे समोरचा ठरवतो, आणि तो आधी सांगत नाही.

त्यात जिउ-जित्सुचा गुणफलकच एकतर्फी आहे. गळा आवळताना दाब श्वासनलिकेवर नव्हे तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर देतात. पकड नीट बसली तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. म्हणून टॅप. थापटलं की समोरचा तत्क्षणी सोडतो, आणि त्या एका सोयीमुळे पूर्ण ताकदीची झुंज रोज करून दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं. पण त्याचा उलटा परिणाम असा की मोजली जाते ती फक्त थाप. चार वेळा थापटलं हे लक्षात राहतं. मध्ये दोनदा पायात पाय अडकवून अर्धा गार्ड मिळवला, एकदा आर्मबारमधून, म्हणजे हात उलटा ताणणाऱ्या पकडीतून, कोपर ओढून घेतलं, ह्याची नोंद कुठेच नाही. बचाव सुधारला की घडत काही नाही. जे घडायचं ते टळतं. टळलेली गोष्ट दिसणार कशी?

शिवाय मोजपट्टी हलती आहे. दादरहून सुटलेली फास्ट आणि स्लो लोकल काही क्षण बरोबरीने धावतात, तेव्हा शेजारच्या डब्यातला दारात उभा असलेला माणूस जागच्या जागी असल्यासारखा वाटतो. मॅटवर तसंच. मी सुधारलो, तोही सुधारला, आणि त्याने मला पूर्वी जितक्या वेळा पकडलं तितक्याच वेळा आजही पकडलं. त्यात माझ्याबरोबर सुरू केलेले अकरा जण होते. आता उरलोय तिघं. ज्यांना मी सहज दाबलं असतं ते केव्हाच क्लास सोडून गेले. मी स्वतःची तुलना रोज न सोडणाऱ्यांशीच करतोय.

सगळ्यात आधी सुधारतं ते अंगात असतं, निकालात नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन याने १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये छिन्नी-हातोडीने धातू तोडणाऱ्या कामगारांच्या अंगावर छोटे दिवे लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. मुरलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी नेमका तिथेच पडायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग प्रत्येक घावाला थोडा वेगळा. म्हणजे अंगात एक ठरलेली हालचाल साठवलेली नसते. काम तेच, सोडवणूक दर वेळी ताजी. नवशिक्याला इतके सांधे एकदम आवरत नाहीत, म्हणून तो ते आवळून टाकतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणतो, जणू गाडी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबून चालवतोय. पहिले तीन महिने क्लास संपल्यावर माझी बोटं स्कूटरच्या किल्लीवर मिटत नव्हती, ती ह्यामुळे. आता मिटतात. टॅप तितकेच होतात, पण घरी जाताना किल्ली फिरते.

श्वासाचंही तसंच. छातीवर ऐंशी किलो आले की आपण नकळत दम कोंडतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यानेच येते, ऑक्सिजन संपल्याने नव्हे. मग घाबरून ढकलाढकली, तिने आणखी कार्बन डायऑक्साइड. आमचे कोच अशा वेळी डाव सांगत नाहीत. शेजारी उकिडवे बसून "सोड, आधी श्वास सोड" एवढंच म्हणतात. पहिल्यांदा मला तो टोमणा वाटला होता.

आता त्या सपाट काळाबद्दल, ज्याला सगळे 'प्लॅटो' म्हणतात. १८९०च्या दशकात ब्रायन आणि हार्टर यांनी अमेरिकेत तारायंत्र शिकणाऱ्यांचा आलेख काढला. संदेश पाठवण्याचा वेग सरळ चढत गेला, पण ऐकून उतरवण्याचा वेग मध्येच कित्येक आठवडे अडला आणि मग पुन्हा उसळला. त्यांचं म्हणणं, त्या काळात शिकाऊ माणूस सुट्या अक्षरांवरून अख्ख्या शब्दांवर जात असतो. मोठं सुंदर स्पष्टीकरण आहे, आणि म्हणूनच जरा जपून घ्यावं. सैनिकांना मोर्स शिकवण्याचा दांडगा अनुभव असलेल्या फ्रेड केलरने १९५८ साली लिहिलं की हे पठार मुळात असतंच असं नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. काही सपाटी खरोखर जुळवाजुळवीची असते. काही मात्र निव्वळ सवयीची: एकच सुटका येते, तीच करत राहायची, तिच्यामुळे कसंबसं भागतं, आणि दोन वर्षं निघून जातात. आत काहीतरी मुरतंय म्हणून स्वतःची समजूत घालणं तेव्हा चूकच.

दोहोंत फरक ओळखायचा एक साधा उपाय मी वापरतो. ज्या अवस्थेत नेहमी पकडला जातो, तिथूनच फेरी सुरू करायची. छातीवर बस म्हणायचं आणि फक्त निसटायचं, जिंकायचं नाही. आणि एक वही. तिच्यात टॅपची संख्या लिहीत नाही. कुठे अडकलो, किती वेळ टिकलो, दम कोंडला का, एवढंच. मेंदूतल्या डोपामिन पेशींवर माकडांमध्ये केलेल्या वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की त्या पेशी बक्षीस म्हणून दिलेल्या रसाच्या थेंबापेक्षा अपेक्षेतल्या फरकाला दाद देतात. ठरल्या वेळी थेंब आला नाही की त्यांचा नाद मंदावतो. त्यावरून माणसाच्या वैतागाचं सगळं गणित सुटत नाही. पण 'आज त्याला हरवीन' ह्याऐवजी 'आज दोन मिनिटं श्वास चालू ठेवीन' असं ठरवून मॅटवर उतरलो की वैताग कमी होतो, हा माझ्यापुरता अनुभव.

आणि शरीर आपल्याला न सांगता शिकतं, ह्याचा सर्वांत थक्क करणारा दाखला एच. एम. ह्या रुग्णाचा. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवीन काहीच आठवणीत ठेवता येत नव्हतं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी कधी केलंय ह्याची त्याला आठवणही नव्हती.

शुक्रवारी तोच मुलगा पुन्हा वाट्याला आला. साइड कंट्रोल, म्हणजे तो बाजूने आडवा माझ्यावर, छातीवर वजन, त्याचा हात माझ्या मानेखाली सरकतोय. मी विचार करत होतो की आता उजवं कोपर आत घ्यायला हवं. बघतो तर ते आधीच आत होतं. मी नेलेलं नव्हतं. त्याने क्षणभर थांबून दुसरी बाजू धरली, चाळीसएक सेकंदांनी तिकडून गळा आवळला, आणि मी थापटलं.

रात्री वहीत एवढंच लिहिलं: शुक्रवार. कोपर.