दहशतवादी हल्ल्याला लष्करी प्रत्युत्तर

दहशतवाद्यांना थारा देणाऱ्या देशाच्या भूमीवर, हल्ला सोसलेल्या राष्ट्राने केलेली लष्करी कारवाई. ती न्याय्य कधी ठरते, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला अजूनही न सुटलेला वाद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या देशावर बळाचा वापर करण्यास मनाई करते. सशस्त्र हल्ला झाल्यास मात्र स्वसंरक्षणाचा हक्क कलम ५१ ने राखून ठेवला आहे. सूड म्हणून बळ वापरण्यास कायद्यात जागा नाही. आमसभेच्या १९७० च्या जाहीरनाम्यात तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे पुढचा हल्ला रोखण्यासाठी कारवाई केली, असेच सरकारे सांगतात.

या युक्तिवादाची कसोटी एका बोटीच्या प्रकरणातून आली. कॅनडातल्या ब्रिटिशविरोधी बंडखोरांना रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ ही आगबोट डिसेंबर १८३७ मध्ये नायगारा नदीच्या अमेरिकी काठाला बांधलेली होती. ब्रिटिशांच्या तुकडीने रात्री नदी ओलांडून तिला आग लावली आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी पुढे बजावले की, गरज तातडीची असेल, दुसरा मार्ग उरला नसेल आणि विचाराला उसंतही नसेल, तरच अशी कृती समर्थनीय ठरते. गरज आणि प्रमाणबद्धता (हल्ल्याच्या मानाने बेताचेच बळ वापरणे) या दोन अटी तेव्हापासून टिकून आहेत.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सुरक्षा परिषदेने दुसऱ्याच दिवशी ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला. हल्लेखोर एखादे राष्ट्र नसून संघटना असली तरी हा हक्क लागू होतो, हे मत त्यानंतर बळावले. त्या संघटनेच्या कृत्याची जबाबदारी यजमान देशावर किती, यावर मात्र एकमत नाही.

खरा कस पुराव्याचा लागतो. नैरोबी व दार-ए-सलाम येथील दूतावासांवरील हल्ल्यांनंतर अमेरिकेने २० ऑगस्ट १९९८ रोजी खार्टुमचा अल-शिफा औषध कारखाना क्षेपणास्त्रांनी उद्ध्वस्त केला. तिथे रासायनिक अस्त्रांचा घटक बनतो, हा दावा सिद्ध झाला नाही. गरीब सुदान मात्र औषधांच्या मोठ्या कारखान्याला मुकला. अशी कारवाई न्याय्य म्हणता येत नाही.

भारताकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा भक्कम पुरावा होता: जिवंत पकडलेला अजमल कसाब आणि पाकिस्तानातल्या सूत्रधारांची ध्वनिमुद्रित संभाषणे. तरीही भारताने लष्करी प्रत्युत्तर दिले नाही; कसाबवर मुंबईत रीतसर खटला चालला. हा संयम दुबळेपणा नव्हता, पण त्याने सूत्रधारांना जरबही बसली नाही. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट कारवाईला परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी ‘बिगर-लष्करी प्रतिबंधात्मक कारवाई’ म्हटले. पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाल्यावर ७ मे २०२५ रोजी भारताने नऊ ठिकाणी मारा केला व लष्करी तळ वगळल्याचे सांगितले. त्यानंतर संघर्ष १० मेपर्यंत चिघळला आणि पाकिस्तानी तोफमाऱ्यात पूंछमधले नागरिक मारले गेले.